बफर्ड कोकोपीटची लादी: बडोद्यातल्या गच्चीवरचा अनुभव

दांडिया बाजारात आमच्याकडे बोअरचं पाणी येतं, ते मचूळ. पाण्यातलं मीठ टाळता येत नाही, तर निदान कुंडीच्या भुशात तरी ते नको, म्हणून नर्सरीवाल्या भाईंकडून ‘लो ईसी, बफर्ड’ छापलेली कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या दाबलेल्या भुशाची, ५ किलोची लादी आणली. ईसी म्हणजे विद्युतवाहकता: क्षार जास्त तितकी ती जास्त. साध्या लादीपेक्षा शंभरेक रुपये महाग, पण पैसे वसूल.

नारळाची सोडणं बऱ्याचदा किनाऱ्यालगतच्या खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे भुशात सोडियम मुरलेला असतो. पाण्याने धुतलं की सुटं मीठ निघून जातं, तंतूंना चिकटलेला सोडियम मात्र तिथेच राहतो. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवलं की एकेक कॅल्शियम दोन-दोन सोडियमना हुसकावून त्यांची जागा बळकावतो. बफर्ड म्हणजे एवढंच. भिजवून पिळलेलं पाणी मीटरवर मोजलं: साध्या लादीचं २.८, हिचं ०.४ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर.

मला खरं कौतुक आहे ते या कॅल्शियमचं, कारण खाऱ्या मातीत मुळाची सगळी मदार त्याच्यावरच असते. बाहेर सोडियम वाढला की मुळाच्या पेशीत कॅल्शियम एकदम वाढतो. एसओएस३ नावाचं प्रथिन ते हेरतं आणि एसओएस२ ला कामाला लावतं. एसओएस२ मग पेशीपटलातल्या एसओएस१ ला चालना देतं, आणि ते हायड्रोजन आयन आत घेऊन सोडियम बाहेर काढतं. तरी आत राहिलेला सोडियम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, कोंडला जातो. पानांकडे निघालेला सोडियम एचकेटी१ हे प्रथिन वाटेतच जलवाहिनीतून काढून घेतं. या सगळ्याला ऊर्जा लागते, ती वाढीतूनच वजा होते. बाहेर कॅल्शियम भरपूर असेल तर मुळात सोडियम शिरतोच कमी आणि पोटॅशियमही टिकून राहतं.

एका काचेच्या बरणीत अर्धा भाग साधा भुसा, अर्धा हा, असं भरून मधोमध टोमॅटोचं बी टाकलं. काचेला टेकून उतरणारं मूळ साध्या भुशाकडे न जाता या बाजूला वळलं, आणि आडवी मुळंही इकडेच फुटली, पांढरीशुभ्र. मूळ मिठापासून वळतं हे २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवलंय: खाऱ्या बाजूच्या पेशी ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक वाहून नेणारं पिन२ प्रथिन पटलावरून आत ओढून घेतात, ऑक्सिनची वाटणी बदलते आणि टोक वळतं. टोमॅटोवरही त्यांनी हे पाहिलं होतं.

तक्रारी दोन. पाकिटावर फक्त ईसी आहे, सोडियम किती ते नाही. ईसीत सगळेच क्षार मोजले जातात, त्यातला घातक कुठला हे कळत नाही. आणि लादीचा गाभा लवकर भिजत नाही, गरम पाणी घालून रात्रभर ठेवावी लागते.

रोपांच्या ट्रेला, मिरची-टोमॅटोला, घेवड्याला हीच घ्या. घेवडा मिठाला फार नाजूक. मोठ्या कढीपत्त्याला साधा धुतलेला भुसा चालेल. बोअरचं पाणी घालत असाल तर मीठ पुन्हा साचतंच, तेव्हा पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून खालून पाणी वाहू द्या.