मिरी: नुसती उन्हात की उकळत्या पाण्यातून?

पोफळीवरच्या वेलीला घोसात एक-दोन दाणे पिवळे-लाल झाले की आम्ही घोस उतरवतो.

नुसते उन्हात घातलेले दाणे वाळतात, पण सावकाश. आठवडा तरी जातोच, आणि मळभ आलं तर बुरशीची धास्ती. रंगही कुठे काळा, कुठे तपकिरी.

दुसरी रीत मला मनापासून आवडते. दाणे रोवळीत घेऊन उकळत्या पाण्यात फक्त 1 मिनिट बुडवायचे, निथळून खळ्यात पसरायचे. हिरवे दाणे डोळ्यांदेखत काळवंडू लागतात! तीन-चार कडक उन्हांत खडखडीत, एकसारखे काळेभोर. जास्त वेळ मात्र उकळू नका, वास उडतो.

दोन्हींत 3 किलो ओल्या मिरीची साधारण 1 किलोच सुकी भरते.