भाडेकराराची नोंदणी: ऑनलाइन करावी की दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात?

महाराष्ट्रात घर भाड्याने देताना किंवा घेताना लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवण्याचे दोन अधिकृत मार्ग आहेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-नोंदणी प्रणालीतून घरबसल्या करार नोंदवता येतो, किंवा दोन्ही पक्षांनी साक्षीदारांसह दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन तो नोंदवता येतो. यांतून निवड करण्यापूर्वी तिसऱ्या, सर्रास सुचवल्या जाणाऱ्या पर्यायाविषयी, म्हणजे करार केवळ नोटरी करून घेण्याविषयी, स्पष्ट बोलणे मला आवश्यक वाटते, कारण पैसे वाचवण्याच्या नादात सर्वांत मोठे नुकसान तेथेच होते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी करणे बंधनकारक असून, नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नोंदणीकृत लेखी करार नसताना वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या मानल्या जातात आणि त्या खोट्या आहेत हे सिद्ध करण्याचा भार घरमालकावर येतो. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, हा समज नोंदणी अधिनियम, 1908 मधील एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांविषयीच्या तरतुदीतून आलेला दिसतो. पण आपल्या राज्यात कलम 55 मुदतीचा भेद करत नाही. त्यामुळे नोटरीचा पर्याय मी या तुलनेत धरलेला नाही.

आता शुल्काकडे पाहू. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी मार्ग बदलल्याने बदलत नाहीत, आणि निर्णयाच्या दृष्टीने हीच सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर संपूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरील दरसाल 10 टक्के दराने धरलेले व्याज, या सर्वांच्या बेरजेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क लागते. नोंदणी फी महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत 1,000 रुपये, तर ग्रामीण भागात 500 रुपये आहे. मुंबईत भाडे नाममात्र ठेवून भरमसाट डिपॉझिट घेण्याची जी पद्धत आहे, तिच्यातही हे काल्पनिक व्याज हिशेबात येतेच.

उदाहरणार्थ, पुणे शहरातील सदनिकेचे भाडे महिना 20,000 रुपये, अनामत 60,000 रुपये आणि मुदत अकरा महिने असेल, तर भाड्याचे 2,20,000 आणि व्याजाचे 5,500 मिळून 2,25,500 रुपये होतात व त्यावरील मुद्रांक शुल्क सुमारे 564 रुपये येते. नोंदणी फीसह हा खर्च जवळपास 1,564 रुपयांचा झाला. याच भाड्याने असा करार तीन वेळा केला, तर तेहतीस महिन्यांसाठी सुमारे 4,692 रुपये लागतील. पण तेहतीस महिन्यांचा एकच करार केला, तर साधारण 2,692 रुपयांत काम भागते. मुद्रांक शुल्क दोन्हीकडे तेवढेच पडते, वाढते ती दर दस्तामागे द्यावी लागणारी नोंदणी फी, आणि तीच गोष्ट एजंटच्या मेहनतान्याची. म्हणजे खरी बचत मार्गाच्या निवडीत नसून मुदतीच्या निवडीत आहे. भाडेकरू टिकेल असा विश्वास असेल, तर दरवर्षीची भाडेवाढ आणि लवकर सोडण्याची नोटीस यांची कलमे घालून दीर्घ मुदतीचा एकच करार करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

दस्त हाताळणी शुल्क मात्र वेगळे आहे. कार्यालयात ते पानांगणिक आकारले जाते आणि शासन त्याचा दर वेळोवेळी बदलते, म्हणून प्रत्यक्ष नोंदणीच्या आधी चालू दर विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा. एजंटमार्फत काम करत असाल, तर त्याने सांगितलेल्या एकूण रकमेची फोड मागावी. शासकीय भरणा ‘ग्रास’ या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीतून होतो आणि त्याचे चलन निघते. त्यापलीकडची रक्कम एजंटची सेवा आहे, शासनाची फी नव्हे.

ई-नोंदणीची ताकद अशी की मालक अहिल्यानगरला आणि भाडेकरू पुण्यात असला, तरी दोघांना एकत्र यावे लागत नाही. ओळख आधारवरून पटवली जाते, छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, आणि दुय्यम निबंधकांनी तपासून नोंदवलेला दस्त पीडीएफ स्वरूपात मिळतो. मर्यादाही येथेच आहे: मसुदा प्रणालीच्या ठरावीक साच्यात बसवावा लागतो, आणि उतारवयात बोटांच्या रेषा पुसट झालेल्या व्यक्तींचे ठसे अनेकदा जुळत नाहीत.

कार्यालयाचा मार्ग पूर्वीइतका कागदी राहिलेला नाही. तेथेही पक्षकाराने आधी संकेतस्थळावर ‘पब्लिक डेटा एन्ट्री’ करून, म्हणजे दस्ताची माहिती स्वतः भरून, मिळालेला क्रमांक घेऊन जायचे असते, आणि वेळ आरक्षित करण्याची सोयही आहे. ज्याच्याकडे आधार नाही, किंवा ज्या करारात फर्निचरची लांबलचक यादी, दुरुस्तीची विभागणी आणि वकिलाने काळजीपूर्वक घडवलेल्या अटी आहेत, त्याने कार्यालयच निवडावे. पक्षकार आजारपणामुळे हलू शकत नसेल, तर विशेष कारण दाखवून घरी नोंदणी करून घेण्याची तरतूद नोंदणी अधिनियमात आहे. साध्या राहत्या सदनिकेसाठी, दोन्ही पक्षांकडे आधार असताना, मी निःसंकोच ई-नोंदणी सुचवेन.

कोणताही मार्ग घेतला, तरी सही किंवा ठसा देण्यापूर्वी मुदतीच्या तारखा, सदनिकेचा क्रमांक आणि अनामत रक्कम यांची नोंद स्वतः वाचावी. नोंदणीनंतर सापडलेली चूक खोडून दुरुस्त करता येत नाही. तिच्यासाठी दोन्ही पक्षांना पुन्हा चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो. तारखांना तर विशेष जपावे, कारण मुदत संपल्यावर भाडेकरू जागा सोडत नसेल, तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताबा मागताना लेखी करारातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.