कॉकपिट पोस्टर आणि फ्लॅशकार्ड सेट: घ्यावा का?

प्रायव्हेट जेट कंपनीत जॉइन व्हायच्या आधी महिनाभर हा सेट वापरला, फेनम ३०० या छोट्या बिझनेस जेटचा. पोस्टर भारीच आहे, भिंतीवर चिकटवलं, समोर खुर्ची टाकली आणि रोज हात फिरवत फ्लो (ठरलेल्या क्रमाने एकेक स्विचवर जाणं) केले, बॅटरीपासून इंजिन स्टार्टपर्यंत, तोंडाने कॉलआउट (ठरलेली वाक्यं) म्हणत (घरच्यांना वाटलं गेला हा कामातून). पण सिम्युलेटरमध्ये पहिल्याच दिवशी कळलं की हात आपोआप बरोबर स्विचकडे जातोय, डोकं मोकळं राहतं. व्ही-वन ला (टेकऑफचा तो वेग, ज्यानंतर थांबता येत नाही) इंजिन गेलं की तेच हवं असतं, तेव्हा आठवत बसायला वेळ कुठे!

फ्लॅशकार्डांचं मात्र जमलं नाही. मेमरी आयटम्स (आणीबाणीत न बघता करायच्या कृती) ठीक, ४५,००० फूट सीलिंग (कमाल उंची) वगैरे पण बरोबर, पण दोन-तीन लिमिटेशन्स (विमानाच्या मर्यादांचे आकडे) मॅन्युअलच्या जुन्या रिव्हिजनची निघाली आणि मी तीच पाठ करून गेलो, ओरलला (तोंडी परीक्षेत) इन्स्ट्रक्टरने नुसतं हसून मॅन्युअल पुढे सरकवलं. कंपनीचं मॅन्युअल मिळालं की प्रत्येक कार्ड त्याच्याशी ताडून बघा, चुकीचं असेल ते सरळ फाडून टाका. विक्रेत्याला मेल केला, उत्तर नाही.

पोस्टर एकटं मिळत असेल तर डोळे झाकून घ्या.