पक्की पावती, खोटा ग्राहक

नांदेडच्या सराफ्यात आमचे वडिलोपार्जित दुकान आहे आणि गेली २२ वर्षे मी गल्ल्यावर बसतो. रोखीत आलेली नोट आम्ही उजेडात धरून पाहतो, पण खात्यावर जमा झालेला पैसा कोणाचा, हे कधी विचारत नव्हतो. याच सवयीपायी मला १ लाख ९४ हजारांचा फटका बसला.

अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी तिशीतला एक तरुण दुकानात आला. लग्नात आहेर करायचा आहे असे सांगून, घासाघीस तर सोडाच, आजचा भावही न विचारता त्याने चोख सोन्याची नाणी काढायला लावली. (भाव न विचारता सोने घेणारा माणूस आमच्या भागात मी तरी पाहिलेला नाही, शंका तिथेच यायला हवी होती.) बिल २ लाखांच्या आत बसेल एवढीच नाणी त्याने घेतली, कारण त्यापुढे पॅन द्यावा लागतो, हे त्यालाही ठाऊक असावे. ओळख म्हणून त्याने आधार कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि त्यावरचे नाव घालून मी पावती फाडली.

पैसे तीन वेगवेगळ्या नावांच्या खात्यांवरून आले. एक मेहुण्याचे, एक मामाचे, एक भागीदाराचे, असे त्याने सांगितले. लग्नघरात चारजण मिळून सोने घेतात, म्हणून मला त्यात वावगे वाटले नाही.

नवव्या दिवशी कारागिराला दिलेला चेक परत आला, तेव्हा बँकेत कळले की परराज्यातील सायबर पोलिसांच्या सूचनेवरून माझे खाते गोठवले आहे. ते तिन्ही पैसे ऑनलाइन गुंतवणुकीच्या आमिषाने लुबाडलेल्या लोकांचे होते; त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशाचा माग थेट माझ्या खात्यापर्यंत आला. दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण सातच दिवस राहत असल्याने तेही हाती लागले नाही. आधारच्या फोटोवरचा क्यूआर कोड आधारच्या ॲपवर तपासला, तर वर तरुणाचे नाव आणि छायाचित्र असूनही आतून निघाल्या एक वृद्ध बाई, पत्ता भलत्याच जिल्ह्यातला.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा आहे आणि २८ डिसेंबर २०२० च्या अधिसूचनेने सराफही त्याच्या कक्षेत आले, हे मला माहीत होते. पण आमच्यावरचे बंधन १० लाख किंवा त्याहून मोठ्या रोख व्यवहारांपुरते असल्याने, ओळख पडताळणे हे मोठ्या पेढ्यांचे काम, असे मी धरून चाललो होतो. लुबाडलेल्या पैशाचे सोने करून घेणारा मात्र रोख आणतच नाही, आणि प्रत्येक मर्यादेच्या खालूनच येतो.

आता पावतीवरचे नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचे नाव जुळले नाही, तर पैसे आले त्याच खात्यावर परत जातात आणि माल कपाटातच राहतो. नवख्या ग्राहकाचे मूळ कार्ड हातात घेऊन कोड समोरच तपासतो. परवा परभणीच्या एका काकांनी यावर तोंड वाकडे केले, पण थांबले. तेवढी रक्कम सोडून माझे बाकीचे खाते सुरू झाले आहे. ते १ लाख ९४ हजार मात्र अजून अडकलेलेच आहेत, आणि नाणी कुठे गेली याचा पत्ता नाही.