ईस्टरचं जेवण ठाण्यात: इंदियाल, रोस्ट लेग की खुडी?

माझ्या मावसबहिणीने घोडबंदर रोडला नवीन घर घेतलंय आणि ईस्टरचं जेवण पहिल्यांदाच तिच्याकडे आहे, बारा माणसं, त्यातली तिच्या सोसायटीतली चार शाकाहारी, आणि तिचा प्रश्न एकच, ताई मेन काय करू. फोनवर तासभर बोललो तरी तिचं ठरेना म्हणून हे सगळं नीट लिहून काढलं. तिच्यासारखे अजून बरेच जण असतील, आईच्या किंवा सासूबाईंच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लंय पण स्वतःच्या किचनमध्ये पहिल्यांदाच हा सण घालायचाय.

मी तिन्ही करून बघितलंय. व्हिनेगर-मिरचीच्या मसाल्यात मुरवलेलं पोर्कचं इंदियाल, ओव्हनमधला मटणाचा अख्खा लेग, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या रश्शातली चिकन खुडी. तिन्ही सणाचीच आहेत, चवीत कुठलंच कमी नाही, पण ठाण्याच्या एप्रिलमध्ये, चर्चची धावपळ सांभाळून, बारा माणसांसाठी करायचं म्हटलं की तिघांत खूप फरक पडतो.

आधी वेळेचं बघा कारण सगळं तिथेच अडतं. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी मिसा, म्हणजे चर्चमधली उपासना, शुक्रवारी दुपारी क्रुसाची भक्ती आणि दिवसभर उपास, शनिवारी रात्री पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, जागरणाची मिसा जी संपता संपता कधीकधी बारा वाजतात. म्हणजे जी बाई किंवा जो पुरुष जेवण करणार तो तीन दिवस अर्धा वेळ चर्चमध्ये आहे, आणि असायलाच पाहिजे, त्यासाठीच तर सण आहे. मग स्वयंपाकाला हातात काय उरतं तर शनिवारची सकाळ-दुपार आणि रविवारची सकाळ, बस. जो पदार्थ शनिवारी दुपारी होऊन जातो आणि रविवारी अजून चांगला लागतो तो एकीकडे, आणि जो रविवारी सकाळीच करावा लागतो तो दुसरीकडे.

इंदियाल पहिल्या गटातलं. गोव्याचं विंदालू आणि आपलं, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं, इंदियाल एकाच मुळाचं, पोर्तुगीजांच्या वाइन-लसणात मुरवलेल्या पोर्कपासून आलेलं, फक्त इथे वाइन जाऊन व्हिनेगर आला आणि मिरची, जिरं, हळद आली. दोन किलो पोर्कला मी २५-३० काश्मिरी मिरच्या, लसणाचे दोन मोठे गड्डे, दोन इंच आलं, दोन चमचे जिरं, चमचाभर मोहरी, एक चमचा हळद, थोडी मिरी, लवंग, दालचिनी घेते आणि हे सगळं व्हिनेगरमध्येच वाटते, साधारण एक कप. वाटताना पाण्याचा थेंब नाही घालायचा, हे मला आईने दहा वेळा सांगितलं होतं आणि अकराव्या वेळी मी घातला तेव्हा कळलं का, दोन दिवसांत मसाल्याची चवच उतरली. व्हिनेगर उसाचा तपकिरी घ्या, पांढरा सिंथेटिक नको, तो नुसता नाकात जातो. नवसारीच्या कोलाह कंपनीचा मिळाला तर छानच.

पोर्कचे दीड इंचाचे तुकडे, चरबीसकट. चरबी काढून टाकू नका प्लीज, त्यातच ते शिजतं. मी गुरुवारी रात्री मसाला लावून फ्रीजमध्ये ठेवते, शनिवारी सकाळी मंद आचेवर चढवते, सव्वा-दीड तासात होतं. आणि मग ते तसंच गार होऊ द्यायचं, फ्रीजमध्ये टाकायचं, रविवारी नीट उकळी येईपर्यंत गरम करायचं. शनिवारी संध्याकाळी चाखाल तर व्हिनेगर एकीकडे आणि तिखट एकीकडे लागेल, घाबरू नका. रविवारी दुपारपर्यंत दोघं एक झालेले असतात. मला वाटतं हा पदार्थ जणू या सणासाठीच बनलाय, आधी थांबायचं मग खायचं.

तोटे पण आहेत. एक तर पोर्क. ठाण्यात पोर्क सगळीकडे मिळत नाही, ठरावीक कोल्ड स्टोरेजवाले आहेत आणि पवित्र आठवड्यात तिथे रांग असते, पाम संडेलाच, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, ऑर्डर सांगून ठेवा, चरबीसकट, हाडासकट, असं स्पष्ट सांगा नाहीतर सगळं बोनलेस कोरडं मिळतं. दुसरं म्हणजे पाहुण्यांत पोर्क न खाणारे असतील तर. अशा वेळी हाच मसाला बकऱ्याच्या मटणाला लावा, फक्त त्याला चरबी कमी म्हणून थोडं तेल जास्त आणि कुकरला पाच-सहा शिट्ट्या. चव वेगळी होते, वाईट नाही होत, पण पोर्कसारखी मुरत नाही हे पण खरं.

आता रोस्ट लेग. हे सगळ्यांना करून बघायचं असतं कारण फोटोत दिसतं तसं मधोमध टेबलावर येतं, बाजूला बटाटे, आणि त्याला अर्थ पण आहे. बायबलमधल्या वल्हांडण सणाचं कोकरू, येशूला म्हणतात ते देवाचं कोकरू, ईस्टरला जगभर कोकराचं मटण खातात ते त्यामुळे. मी स्वतः दोनदा केलंय आणि टेबलावर आणल्यावर सगळे गप्प झाले होते ते मला अजून आठवतं.

पण परदेशातल्या रेसिपीत जे लॅम्ब असतं ते मेंढीचं कोवळं पिल्लू, मऊ आणि चरबीवालं. आपल्याकडे मटण म्हणजे बकरा, कमी चरबीचा. ती रेसिपी जशीच्या तशी केली, दीड तासात बाहेर काढलं, तर चावून चावून जबडा दुखेल. बकऱ्याच्या लेगला कमी आच आणि जास्त वेळ पाहिजे, १६० डिग्रीला फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून साधारण तीन तास, मग फॉइल काढून २०० ला पंधरा-वीस मिनिटं रंग यायला. आदल्या दिवशी सुरीने खोल चिरा देऊन लसूण, हिरवी मिरची, पुदिना, लिंबू आणि भरपूर बटर चोळून ठेवायचं. आणि ओव्हनचं माप आधी घ्या! माझ्या २८ लिटरच्या ओटीजीमध्ये दोन किलोचा लेग सरळ गेलाच नव्हता, खाटकाकडे परत जाऊन नळीचं हाड तोडून आणावं लागलं, शनिवारी, आणि तिथे तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. दोन किलोच्या लेगमध्ये हाड जाऊन बारा माणसांना पुरत नाही. सहा-सात जणांचं जेवण आहे ते. दोन लेग करायचे तर ओव्हन एकच. आणि तीन-साडेतीन तास ओव्हन चालू, बाहेर ३५-३६ अंश, दमट हवा, छोटं किचन, आणि हे रविवारी सकाळीच करावं लागतं कारण रोस्ट दुसऱ्या दिवशी गरम केलं की सुकतं. तुम्ही सहा जण असाल, मोठा ओव्हन असेल, शनिवारच्या मिसाला जाऊन रविवार सकाळ मोकळी असेल तर जरूर करा, मनापासून सांगते, वर्षातून एकदा करण्यासारखंच आहे. बारा जणांना पहिल्याच वर्षी नको.

खुडी तिसरी. भाजलेला कांदा, भाजलेलं खोबरं, लसूण आणि बॉटल मसाला, त्यात चिकन. घराघरात येते, स्वस्त पडते, मुलं खातात, पोर्क न खाणारे खातात. ब्रॉयलर असेल तर अर्ध्या तासात शिजते, गावठी कोंबडी असेल तर तास-सव्वा तास धरा पण रस्सा असा होतो की नुसता वाटीने प्यावा. बॉटल मसाला एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून वर्षाचा कुटतात, म्हणजे ईस्टरला बहुतेक घरांत गेल्या उन्हाळ्यातली शेवटची बाटली चालू असते, वास थोडा उतरलेला असतो, तर हात जरा सैल सोडा.

खुडीचा प्रॉब्लेम खोबरं. या दिवसांत नारळाच्या वाटणाचा रस्सा रात्रभर बाहेर राहिला तर सकाळी आंबलेला मिळतो. एका वर्षी शनिवारी रात्री मिसावरून आलो, दमलेलो, पातेलं ओट्यावरच राहिलं, सकाळी झाकण उघडलं आणि सगळं फेकावं लागलं, मला रडूच आलं होतं. फ्रीजमध्ये राहतं, पण बारा जणांचं पातेलं फ्रीजमध्ये मावायला हवं ना. म्हणून खुडी करायची तर वाटण शनिवारी करून डब्यात घालून फ्रीजमध्ये, चिकनला आलं-लसूण-हळद लावून वेगळं, आणि रविवारी सकाळी फोडणी. तेवढं जमतं.

बाहेरून मागवणं हा चौथा पर्याय आहे, मी एकदाच केला, जेवण साडेतीनला आलं आणि म्हाताऱ्या माणसांनी तोपर्यंत फरसाण खाल्लं. मागवायचंच असेल तर मार्झिपानची (सुकामेवा-साखरेच्या मिठाईची) अंडी आणि केक मागवा, मेन नाही.

सीझनचं काय मिळेल ते तारखेवर आहे आणि ईस्टरची तारीख फिरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, म्हणजे २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही. आपल्या कॅलेंडरवर ती जास्त करून चैत्री पौर्णिमा असते, २०२६ मध्ये २ एप्रिलला हनुमान जयंती आणि ५ ला ईस्टर. पण काही वर्षी ती होळीची पौर्णिमा निघते, २०२४ ला ईस्टर ३१ मार्चला होता, २०२७ ला २८ मार्चला आहे, दोन्ही होळीनंतरच्या पहिल्याच रविवारी. हे मेनू ठरवताना फार कामाला येतं. मार्चमधला ईस्टर असेल तर हापूस विसरा, जो येतो तो महाग आणि अर्धा कच्चा, तेव्हा कैरीवर भर द्या. २०२५ सारखा २० एप्रिलचा असेल तर वाशीच्या एपीएमसी घाऊक बाजारात पेट्याच पेट्या असतात, मग गोडाला वेगळं काही करायलाच नको, कापलेला हापूस आणि मार्झिपान.

कैरी तर दोन्हीकडे चालते. उकडलेल्या कैरीचं पन्हं गूळ-वेलची घालून शनिवारीच करून ठेवा, चर्चवरून उन्हातून आलेल्या माणसांना आधी ते द्या. आणि कोलंबीच्या कालवणात आंबट म्हणून चिंचेऐवजी कैरीच्या फोडी, हे इंदियालच्या शेजारी फार सुंदर लागतं, पण कोलंबी रविवारी सकाळची ताजी मिळणार असेल तरच, नाहीतर सोडे-कैरी करा, सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी, ते टिकतात.

शाकाहारी चार जणांसाठी तिने पनीर म्हटलं होतं. मी म्हटलं नको गं, चैत्रात पनीर कशाला. दोन चांगल्या गोष्टी आहेत, कोवळ्या फणसाची कुयरी आणि ओले काजूगर. काजूगर जांभळी नाक्याला किंवा येऊरकडून रानमेवा घेऊन येणाऱ्या बायकांकडे मिळतात, भाव बघून दचकाल, आणि त्यांच्या सालातला चीक हाताला लागला तर कातडी सोलते, गरम पाण्यात भिजवून हाताला तेल लावून सोला. चव मात्र अशी की त्याला तोड नाही. कुयरी स्वस्त, पोटभरीची, मोठे तुकडे कुकरला दोन शिट्ट्या काढून खुडीच्याच वाटणात टाकली की झालं, आणि ताटात ती बाकीच्यांच्या रश्शासारखीच दिसते, म्हणजे शेजाऱ्यांना वेगळं बसवल्यासारखं वाटत नाही. काजूगर मिळालेच तर पाव किलो त्यातच घाला. तेल, पळी, पातेलं वेगळं ठेवा आणि त्यांना आधीच सांगा की वेगळं ठेवलंय, माणूस निर्धास्त जेवतो.

सोबत काय, तर फुगे (मैद्याचे तळलेले फुगीर गोळे) की पुलाव की पाव. पाव सोपा, इंदियालचा मसाला पुसून खायला त्याच्यासारखं काही नाही. पुलाव बारा जणांना पुरतो. पण ईस्टरला फुगे नसतील तर माझ्या सासूबाईंच्या मते जेवणच झालं नाही आणि मी त्यांच्या बाजूने आहे. एक किलो मैदा, तीन-चार अंडी, नारळाचं दूध, साखर, मीठ, यीस्ट, पूर्वी ताडी घालायचे. पीठ सैल, लवचिक, हाताने भरपूर फेटायचं. पुस्तकात दोन-तीन तास फुगायला ठेवा लिहिलेलं असतं, ठाण्यात एप्रिलमध्ये तासाभरातच पातेल्याबाहेर येतं आणि जास्त राहिलं तर आंबतं, म्हणून रविवारी सकाळी दहाला भिजवा, अकराला तळायला घ्या. मूठ आवळून अंगठ्याजवळून गोळा सोडायचा, तेल मध्यम. एकटीने नाही होत हे, एक जण सोडणार एक जण काढणार.

तर तिला मी सांगितलंय की पोर्क इंदियाल दोन किलो शनिवारी सकाळी, चिकन खुडी दीड किलोची रविवारी, तेच वाटण कुयरीला, पन्हं, फुगे, थोडा पाव, गोडाला जे पिकलेलं मिळेल ते. रोस्ट लेग पुढच्या वर्षी नाताळात कर, थंडीत ओव्हनजवळ उभं राहायला बरं वाटतं.

आणि शनिवारी रात्री मिसावरून आल्यावर फ्रीजमधलं इंदियाल थोडं गरम करून पावाबरोबर एक-एक तुकडा सगळ्यांना द्यायचा, झोपायच्या आधी, कपडे पण न बदलता. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांनंतरचा तो पहिला घास आमच्याकडे उभ्या-उभ्याच खातात, त्यासाठी पाव किलो जास्तच आण असं तिला सांगायचं राहिलं होतं, ते आता इथे लिहिते.