सीसीएनए पास होऊन आठ महिने झाले, नोकरीत नेमका काय फरक पडला

सीसीएनए, म्हणजे नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, पास झाल्या झाल्या लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण त्या दिवशी कुणालाही आपलंच सर्टिफिकेट जगात भारी वाटतं. आता आठ महिने झालेत, त्यातले पाच नव्या नोकरीत गेलेत, म्हणून आता लिहिते. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांना हेल्पडेस्क किंवा डेस्कटॉप सपोर्टमधून नेटवर्किंगमध्ये यायचंय त्यांनी पूर्ण वाचा, मला कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं असं बरंच काही आहे यात.

मी तीन वर्षं हेल्पडेस्कवर होते. पासवर्ड रिसेट, प्रिंटर, मेल उघडत नाही, लॅपटॉप हळू झालाय, दिवसभर हेच, आणि जरा काही नेटवर्कचं निघालं की "नेटवर्क टीमकडे पाठवलं आहे" असं लिहून तिकीट पुढे सरकवायचं. काम वाईट नव्हतं, माणसं चांगली होती, पण तिसऱ्या वर्षी दुसरीकडे अर्ज टाकायला लागले तेव्हा कळलं की बायोडेटामध्ये पहिल्या वर्षी जे लिहिलं होतं तेच अजून आहे. नेटवर्कच्या जागांना अर्ज केले तर उत्तरच यायचं नाही, साधा नकारही नाही.

तेव्हा माझ्याकडे सर्टिफिकेटं नव्हती असं नाही हां, अकरा होती! आणि इथेच माझी सगळ्यात मोठी चूक होती. आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींना एकच शब्द वापरतो, सर्टिफिकेट. एक म्हणजे तुम्ही कोर्सचे सगळे व्हिडिओ बघितलेत, शेवटची छोटी क्विझ दिलीत, म्हणून मिळालेला कागद. दुसरं म्हणजे तुम्हाला ज्यांनी शिकवलं ते सोडून तिसऱ्याच कुणीतरी घेतलेली परीक्षा, ओळखपत्र तपासून, कुणीतरी लक्ष ठेवून, वेळ लावून, आणि पास झालात तर त्याची मुदत असते आणि कंपनी ते ऑनलाइन पडताळून बघू शकते. पहिला कागद शिकण्यासाठी चांगला, मी त्यातून खूप शिकले, पण नोकरी देणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की तुम्ही कोर्स संपवला. माझ्या अकरापैकी एकाबद्दलही आजपर्यंत कुठल्या इंटरव्ह्यूत कुणी विचारलेलं नाही.

तर सीसीएनए. सिस्कोची सुरुवातीच्या पातळीची ही परीक्षा १९९८ पासून आहे, आत्ताची २००-३०१ ही आवृत्ती फेब्रुवारी २०२० मध्ये आली आणि २०२४ मध्ये तिच्यात थोडे बदल झाले. वेळ १२० मिनिटं. सहा भाग आहेत आणि त्यांचं वजन सिस्कोनेच जाहीर केलेलं आहे, त्यात सगळ्यात जास्त २५ टक्के आयपी कनेक्टिव्हिटीला म्हणजे राउटिंगला (एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा नेणं), बेसिक्स आणि स्विचिंगचा (एकाच नेटवर्कमधली उपकरणं जोडणं) भाग प्रत्येकी २० टक्के, सिक्युरिटी १५, आणि आयपी सर्व्हिसेस आणि ऑटोमेशन प्रत्येकी १०. हे आधी छापून भिंतीवर लावा असं मी सगळ्यांना सांगते, कारण मी पहिला दीड महिना केबलचे प्रकार आणि ओएसआय मॉडेलचे (नेटवर्कचं काम सात थरांत समजावणारा आराखडा) थर पाठ करण्यात घालवला आणि राउटिंगला हातच लावला नव्हता. परीक्षेत एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर येता येत नाही, हे पण सरावाच्या वेळीच अंगवळणी पाडा. प्रश्न कसले आले ते विचारू नका, बाहेर सांगणार नाही असं परीक्षेआधी मान्य करावं लागतं आणि मी ते पाळणार.

सुरुवातीला एक क्लास लावला होता, नाव घेत नाही. शंभर टक्के नोकरीची हमी अशी जाहिरात होती. तिथे शिकवणारे स्लाइड वाचून दाखवायचे, प्रत्येक कमांड तेच टाइप करायचे आणि आम्ही फोटो काढायचो. महिनाभर गेले, घरी येऊन तीच कमांड टाकायला बसले तर कुठल्या मोडमध्ये टाकायची तेच कळेना. मग सोडला. फी परत मिळाली नाही आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते गेलेल्या महिन्याचं. क्लास लावणाऱ्यांनी फक्त एक बघा, तुमची बोटं कीबोर्डवर किती वेळ असणार आहेत. हमीबिमी काही बघू नका.

नंतरचे पाच महिने घरीच, पॅकेट ट्रेसरवर. हे सिस्कोच्याच नेटवर्किंग अकॅडमीचं सॉफ्टवेअर, खातं उघडलं की फुकट मिळतं, त्यात राउटर स्विच ओढून ठेवायचे, केबल जोडायची आणि खऱ्यासारख्या कमांड टाकायच्या. सगळ्या कमांड त्यात नाहीत, पण या परीक्षेपुरतं भरपूर आहे. शिफ्टवरून आल्यावर रोज एक तास आणि रविवारी सकाळी तीन तास, एवढंच जमायचं, आणि खरं सांगते, शिफ्ट बदलली की आठवडा आठवडा काहीच व्हायचं नाही.

यात मी एक गोष्ट केली जी मला अभ्यासातली सगळ्यात उपयोगी वाटते, ती म्हणजे चुकांची वही. बरोबर चाललेलं काही लिहायचं नाही, फक्त काय बिघडलं, कशावरून कळलं आणि कशाने सुरू झालं. त्यातल्या एका पानावर लाल पेनाने एकच शब्द आहे, "ॲड". झालं असं की दोन स्विचच्या मधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी; व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) व्हीलॅन १० आणि ३० आधीच चालू होते, मला २० पण न्यायचा होता, म्हणून मी सरळ "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन २०" टाकलं. २० सुरू झाला आणि १० आणि ३० दोन्ही बंद पडले. पाऊण तास केबल बघतेय, आयपी बघतेय, काही सापडेना. शेवटी "शो इंटरफेसेस ट्रंक" बघितलं तर यादीत फक्त २०. ती कमांड यादीत भर घालत नाही, जुनी यादी पुसून नवी लिहिते, भर घालायची तर मध्ये "ॲड" लिहावं लागतं. घरच्या लॅबमध्ये पाऊण तास गेला, पण हेच चालू ऑफिसच्या ट्रंकवर केलं असतं तर दोन मजले बंद पडले असते. या शब्दाकडे परत येते.

अभ्यासाचा फायदा परीक्षेच्या आधीच दिसायला लागला आणि हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. ऑफिसात एक तिकीट आलं, नवीन प्रिंटर बसवलाय आणि कुणालाच प्रिंट जात नाहीये. आधीची मी असते तर पुढे पाठवलं असतं. जाऊन बघितलं तर प्रिंटरला हाताने आयपी दिलेला, शेवटचा आकडा १३०, मास्क (कुठले पत्ते एकाच नेटवर्कमधले ते ठरवणारा आकडा) २५५.२५५.२५५.१९२ आणि गेटवेचा, म्हणजे नेटवर्कमधून बाहेर जायच्या दाराचा, शेवटचा आकडा ६५. लोकांचे पीसी ७०, ७१, ७४ असे. तिथेच उभं राहून बोटांवर मोजलं, मास्कमधले १९२ म्हणजे २५६ वजा १९२, ६४ चे ब्लॉक, ० ते ६३, ६४ ते १२७, १२८ ते १९१. पीसी आणि गेटवे दुसऱ्या ब्लॉकमध्ये आणि प्रिंटर तिसऱ्यात, म्हणजे त्याला स्वतःचा गेटवेच दिसत नव्हता. डीएचसीपीच्या (पीसींना आपोआप आयपी वाटणारी सेवा) रेंजबाहेरचा १२० हा आकडा रिकामा आहे का ते नेटवर्कच्या सरांना विचारून घेतलं, पिंग करून (त्या पत्त्यावरून उत्तर येतं का ते) बघितलं आणि तो दिला. पहिलं पान बाहेर आलं तेव्हा मला जे वाटलं ते पास झाल्यावर पण वाटलं नाही. सर म्हणाले, "हे तू शोधलंस?" आणि पुढच्या आठवड्यापासून स्विच बदलायचा असला की मला बरोबर न्यायला लागले. म्हणून सांगते, परीक्षा व्हायची वाट बघत बसू नका, शिकताय ते आत्ताच्या कामात लगेच वापरा. बायोडेटामध्ये लिहायला खरं काहीतरी तिथूनच मिळतं.

पहिल्यांदा नापास झाले. ऑटोमेशन आणि आयपी सर्व्हिसेस दहा-दहा टक्क्यांचेच आहेत म्हणून सोडून दिले होते, पण दोन्ही मिळून पाचवा हिस्सा होतो हे डोक्यातच आलं नाही. पास व्हायला किती लागतात ते जाहीर करत नाहीत, पण निकालात प्रत्येक भागाची टक्केवारी येते, ती घेऊन बसले. दोन दिवस घरात कुणाशी बोलले नाही. परत द्यायला पाच दिवस थांबावं लागतं, मी सहा आठवडे घेतले, त्या दोन भागांतलं जेसन, एपीआय, एनटीपी, सिसलॉग, नॅट सगळं पहिल्यापासून केलं आणि दुसऱ्यांदा पास झाले. कुठल्याही इंटरव्ह्यूत कितव्या वेळी पास झालीस असं कुणीही विचारलेलं नाही, हे नापास झालेल्यांसाठी मुद्दाम लिहितेय.

डम्प्सबद्दल. चोरलेले प्रश्न पाठ करून पास होणारे असतात, माझ्या ओळखीत पण आहेत. नियमात बसत नाही, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, ते तर आहेच. पण ज्याने तसं केलं त्याच्याबरोबर मी एका ग्रुप इंटरव्ह्यूत होते आणि त्याला विचारलं की दोन राउटरमध्ये ओएसपीएफची (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) नेबरशिप, म्हणजे आपसातली ओळख, होत नाहीये, काय काय बघशील. तो गप्पच. दोन्हीकडचे हॅलो टायमर, एरिया, सबनेट जुळतायत का, एवढं तरी तोंडावर यायला हवं होतं. त्याचा चेहरा अजून आठवतो मला, मुलगा हुशार आहे, मेहनत चुकीच्या जागी गेली.

आता मुख्य प्रश्न, नोकरीला उपयोग झाला का. झाला, पण लोकांना वाटतो तसा नाही. बायोडेटामध्ये ते एक नाव आल्यावर फोन यायला लागले, हा फरक स्पष्ट होता, अर्ज तसेच, अनुभव तोच, पण आता पहिल्या चाळणीत बाहेर पडत नव्हते. आणि बस्स, तिथे त्याचं काम संपतं. इंटरव्ह्यूत समोरचे लोक सर्टिफिकेट बघून दोन मिनिटांत पुढे जातात. आत्ता जिथे आहे तिथे त्यांनी लॅपटॉप समोर ठेवला, दोन स्विच, व्हीलॅन २० मधले दोन पीसी एकमेकांना पिंग होत नाहीत, शोध. मी "शो व्हीलॅन ब्रीफ" बघितलं, ते ठीक होतं, मग "शो इंटरफेसेस ट्रंक", अलाउडमध्ये २० नाही. कमांड टाइप करताना मी आपोआप "ॲड" लिहिलं. समोरच्या मॅडमनी लगेच थांबवलं, ॲड का लिहिलंस? मी घरच्या लॅबची पाऊण तासाची सगळी गोष्ट सांगितली, वहीचं पण सांगितलं. त्यानंतरचा अर्धा तास नुसत्या गप्पा झाल्यासारखा गेला, वहीत अजून काय आहे तेच विचारत होत्या. चार दिवसांनी ऑफर आली, ज्युनियर नेटवर्क इंजिनिअर.

पाच महिने काम केल्यावर या परीक्षेत काय नाही ते पण सांगते. पहिल्या आठवड्यात खऱ्या स्विचला कन्सोल केबल (लॅपटॉपवरून थेट स्विचमध्ये कमांड टाकायची केबल) लावली तर स्क्रीनवर नुसती गिचमीड अक्षरं. मला वाटलं स्विच गेला. त्या जोडणीचा स्पीड ११५२०० वर राहिला होता, ९६०० केल्यावर नीट दिसायला लागलं. पॅकेट ट्रेसरमध्ये हे कधी अडतच नाही. कुठलाही बदल करायच्या आधी परवानगी, वेळ ठरवणं, आणि फसलं तर परत कसं यायचं ते लिहून ठेवणं, हे रोजचं काम आहे आणि अभ्यासात त्याला जवळजवळ जागाच नाही. शिवाय आमच्याकडे अर्धी उपकरणं सिस्कोची नाहीतच, कमांड वेगळ्या आहेत, पण व्हीलॅन तोच, सबनेट तोच, ओएसपीएफ तोच, त्यामुळे आठवड्याभरात हात बसला.

ज्यांना प्रोग्रॅमिंग किंवा डेटामध्ये जायचंय त्यांनी हे नाही केलं तरी चालेल. ज्यांना कुठे जायचंय तेच ठरलेलं नाही त्यांनी फी भरायच्या आधी पॅकेट ट्रेसर घेऊन महिनाभर खेळून बघा, रात्री अकराला पिंग लागल्यावर आनंद होत असेल तर पुढे जा. ज्या जागेवर जायचंय तिथल्या वीस जाहिराती उघडून कुठली सर्टिफिकेशन मागतायत तेही बघा, मी हे सगळ्यात शेवटी केलं, पहिल्यांदा करायला हवं होतं.

मुदत तीन वर्षांची असते. त्याच्या आत हीच परीक्षा परत द्यायची, नाहीतर ३० कंटिन्युइंग एज्युकेशन क्रेडिट मिळवायचे, नाहीतर पुढच्या पातळीची एखादी परीक्षा पास व्हायची, म्हणजे हे आपोआप वाढतं. मी तिसरा रस्ता धरणार, ३५०-४०१ ही पुढच्या पातळीची परीक्षा, पण लगेच नाही. पुढच्या महिन्यात आमच्या नवीन मजल्याचे ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारी उपकरणं) माझ्याकडे येतायत आणि वायरलेस माझं अजून कच्चं आहे, तेव्हा आधी ते. वहीची दुसरी बाजू त्यासाठी रिकामी ठेवलीये. कुणाला सबनेटिंग (ते ६४ च्या ब्लॉकसारखं मोजणं) अडत असेल तर खाली विचारा, शनिवारी-रविवारी नक्की उत्तर देते.