मॉक इंटरव्ह्यूची ऑनलाइन सेवा: निम्मे पैसे वसूल

मेडिकलच्या प्रवेशासाठी घेतलेल्या या पॅकेजमधला पर्सनल स्टेटमेंट (अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा मजकूर) तपासण्याचा भाग सोडूनच द्या. चार स्वल्पविराम इकडचे तिकडे करून परत पाठवलं, संपलं. मुलाखतीचा सराव मात्र कसून घेतात.

हा सराव एमएमआयचा, म्हणजे मल्टिपल मिनी इंटरव्ह्यूचा: एकाच पॅनेलसमोर बसण्याऐवजी छोट्या छोट्या स्टेशनांची रांग, प्रत्येक स्टेशनात एक वेगळा प्रसंग किंवा प्रश्न. ही पद्धत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून सगळीकडे पसरली. प्रसंग वाचायला साधारण 2 मिनिटं, बोलायला बहुतेक ठिकाणी 10च्या आत. इथेही घड्याळ तसंच लावतात. बेल वाजली की वाक्य तोंडात असलं तरी पुढचं स्टेशन.

एका स्टेशनात परीक्षक बाई रुग्णाची मुलगी झाल्या होत्या. "आईला कॅन्सर आहे हे तिला अजिबात सांगायचं नाही," असा हट्ट. मी विचारलं, "तुम्हाला भीती कसली वाटतेय?" बाई गप्प. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. अशा वेळी तोंड बंद ठेवणं किती अवघड जातं, हे पुस्तक वाचून कळत नाही हो! नंतरचा अभिप्रायही नेमका होता: रुग्णाचा हक्क मी कुठे मांडला, मुलीचं ऐकणं कुठे तुटलं, अगदी मिनिटासकट.

"डॉक्टर का व्हायचंय?" याच्या तयार उत्तरांची पीडीएफ फुकट देतात. उघडूही नका, सगळे तेच घोकून येणार. आणि रेकॉर्डिंग लगेच उतरवून घ्या, थोड्याच दिवसांत पुसून टाकतात.